हिरव्या पाण्याच्या काठाने: लेक इरीचे चार दिवस

अण्णा आणि आई जूनमध्ये सांगलीहून माझ्याकडे, अमेरिकेत मिशिगनमधल्या ॲन आर्बरला आले, तेव्हा त्यांना नायगारा दाखवायचा असंच ठरलं होतं. पण जुलैच्या शेवटी एका संध्याकाळी मी फोनवर लेक इरीचं, अमेरिका आणि कॅनडाच्या सीमेवरच्या अवाढव्य सरोवराचं, उपग्रहचित्र बघत होते आणि अण्णा मागून येऊन म्हणाले, "हे कुठलं शेत गं?" निळ्या पाण्याच्या पश्चिम टोकाला हिरवा भोवरा पसरला होता, अगदी पिकासारखा. ते शेत नाही, शेवाळ आहे, आणि ते शेतातल्या खतावर वाढतं, असं सांगितल्यावर अण्णांनी चष्मा पुसून चित्र पुन्हा बघितलं. चाळीस वर्षं शेती केलेल्या माणसाला ती गोष्ट अशी सोडवेना. नायगारा सप्टेंबरवर गेला.

मी स्वतः शिवाजी विद्यापीठात वनस्पतीशास्त्र शिकले. एम.एस्सी.ला रंकाळ्याच्या पाण्यातलं शेवाळ बाटल्यांत भरून आणायचं आणि मायक्रोस्कोपखाली मोजत बसायचं हेच काम होतं. आईचं माहेर कोल्हापूरचं, त्यामुळे रंकाळा तिच्या लहानपणाचाही. म्हणजे या प्रवासाला तिघांचीही आपापली कारणं होती.

पहिला दिवस, शनिवार: टोलेडो

ॲन आर्बरहून शेजारच्या ओहायो राज्यातलं टोलेडो तासाभरावर. सकाळी लवकर निघालो, कारण हे शेवाळ बघायचं तर वारा पडलेला असताना. नऊच्या आत मॉमी बे स्टेट पार्कच्या किनाऱ्यावर पोचलो. पार्किंगपासून पाण्यापर्यंत जाताना आधी वास आला, कापून ढीग करून ठेवलेलं गवत आतून कुजायला लागलं की येतो तसा. मग पाणी दिसलं. काठाजवळ दहा-पंधरा फूट रुंद पट्टा इतका दाट, की लाट उठायची पण फुटायची नाही, जड होऊन नुसती डुलायची. आई म्हणाली, "शेणकाल्यानं सारवलंय जसं. आमच्या रंकाळ्याला असंच झालं होतं गं." मग बराच वेळ ती बोलली नाही. रंकाळ्याच्या काठावर भेळ खात घालवलेल्या संध्याकाळी तिने मला लहानपणापासून सांगितल्या आहेत.

किनाऱ्यावर सूचनेचा फलक होता: पाण्यात उतरू नका, कुत्र्यांना पाणी पिऊ देऊ नका. मी घरून काचेची झाकणाची बरणी आणि रबरी हातमोजे आणले होते. हा प्रयोग कुणालाही करता येतो. दाट साय टाळून जरा पुढचं पाणी बरणीत घ्यायचं आणि सावलीत न हलवता ठेवायचं. साधं हिरवं शेवाळ असेल तर तळाशी बसतं. नील-हरित गटातलं असेल तर बहुधा वर येऊन कडेला हिरवं कडं धरतं. आम्ही झाडाखाली पोहे खाल्ले, तोवर बरणीत वर अर्ध्या बोटाचा थर जमला होता आणि खालचं पाणी बरंच निवळलं होतं.

"वर कसं काय येतंय हे? पोहतंय?" अण्णांनी विचारलं.

पोहत नाही, तरंगतं. या जातीचं नाव मायक्रोसिस्टिस. खरं तर हे जिवाणू, पण सूर्यप्रकाशावर जगणारे, म्हणून आपण शेवाळच म्हणतो. त्यांच्या पेशींत हवेचे बारीक कप्पे असतात. त्या जोरावर ते उजेडाकडे वर येतात आणि खालच्या सगळ्यांवर सावली धरतात. तळ्यात खत वाढलं की शेवाळ वाढतं एवढंच आपण म्हणतो. पण खरी गोष्ट पुढची आहे. खत वाढलं की तळ्यात कोण राहतं तेच बदलतं. शंभर जातींच्या वस्तीत एक-दोन जाती मालक होऊन बसतात.

दुपारी हॉटेलवर गेलो. रिसेप्शनवरच्या बाईंना आम्ही कशासाठी आलोय ते कळलं, तेव्हा त्यांनी हातातलं काम बाजूला ठेवलं. २ ऑगस्ट २०१४, त्यांना तारीख पाठ होती. पहाटे बहिणीचा फोन आला की नळाचं पाणी पिऊ नका. त्यांनी सवयीने भांडं गॅसवर चढवलं, तर टीव्हीवर सांगत होते, उकळू नका. उकळल्याने हे विष जात नाही, पाणी आटतं आणि ते आणखी तीव्र होतं. मायक्रोसिस्टिन हे त्या विषाचं नाव, ते यकृतावर घाला घालतं. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १ मायक्रोग्रॅम ही जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा, आणि शहराच्या पाण्यात त्यापेक्षा जास्त सापडलं होतं. शहर आणि आसपासचे मिळून चार लाखांवर लोक. बाई म्हणाल्या, दुकानांतलं बाटलीबंद पाणी सकाळीच संपलं, आम्ही मिशिगनची हद्द ओलांडून पाणी आणलं, धाकटं बाळ सहा महिन्यांचं होतं, त्याची दुधाची पावडर कशात कालवायची? सोमवारी, ४ तारखेला मनाई उठली. त्यांनी अजूनही घरात पाण्याचे चार मोठे कॅन भरून ठेवलेले असतात.

आईने त्यांचा हात हातात घेतला. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती.

जाणाऱ्यांसाठी: नोआ ही सरकारी संस्था हंगामात इरीच्या शेवाळाचा अंदाज नकाशासह प्रसिद्ध करते, तो आदल्या रात्री बघून निघा. नळाचं पाणी आता बिनधास्त प्या. शहराने शुद्धीकरणात कोळशाची भुकटी आणि ओझोन असे जादा टप्पे घातले आहेत.

दुसरा दिवस, रविवार: मॉमी नदीच्या वरच्या अंगाला

नदीकाठच्या रस्त्याने वॉटरव्हिलकडे निघालो. मॉमी नदी टोलेडोला इरीत मिळते. इरी आणि शेजारच्या महासरोवरांना (ग्रेट लेक्स) मिळणाऱ्या नद्यांत हिचं पाणलोट क्षेत्र सगळ्यात मोठं, आणि ते जवळजवळ सगळं शेतीखाली. वॉटरव्हिलला नदीचं पाणी मोजण्याचं ठाणं आहे. टिफिन गावच्या हायडलबर्ग विद्यापीठाचे लोक १९७०च्या दशकापासून इथल्या पाण्याचे नमुने तपासत आले आहेत. एका नदीचा इतका लांब आणि बारकाईचा हिशेब जगात फार थोड्या ठिकाणी आहे, आणि शेवाळाला जबाबदार कोण, हे इथलं भांडण तथ्यावर चालतं ते त्यामुळेच.

त्यानंतर दोन्ही बाजूंना मका आणि सोयाबीन, सपाट, डोळा पोचेल तिथपर्यंत. अण्णा खिडकीला चिकटून बसले होते. "बांध कुठायत?" बांध नव्हते, आणि दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वी इथे शेतही नव्हतं. ही सगळी दलदल होती, ग्रेट ब्लॅक स्वॉम्प, साधारण १९० किलोमीटर लांब आणि ६५ किलोमीटर रुंद. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लोकांनी चर खणून आणि जमिनीखाली भाजक्या मातीचे नळ पुरून ती कोरडी केली.

एका शेताच्या तोंडाशी टेबलावर मक्याची कणसं मांडली होती, शेजारी पैसे टाकायचा डबा. आम्ही थांबलो तशी घरातून सत्तरीचे एक शेतकरी आजोबा बाहेर आले. अण्णांनी कणीस सोलून दाणा नखाने दाबून बघितला. आजोबांच्या लक्षात आलं की हा आपल्यातला माणूस आहे. पुढचे दोन तास मी नुसती दुभाष्या.

आजोबा आम्हाला शेताच्या कडेच्या चराजवळ घेऊन गेले. चराच्या भिंतीतून काळ्या प्लॅस्टिकच्या पाइपचं तोंड बाहेर आलं होतं, त्यातून पाण्याची करंगळीएवढी धार. अण्णा ओरडलेच, "अगं, हे तर आपलं सच्छिद्र पाइप निचरा!" आमच्याकडे कृष्णाकाठी उसाला पाणी देऊन देऊन जमिनी क्षारपड झाल्या, त्या सुधारायला अशाच भोकांच्या पाइपा पुरतात. अण्णांनी आमच्या दीड एकरात घातल्या आहेत. इथे मात्र अख्ख्या मुलखाखाली त्यांचं जाळं आहे.

अण्णांनी ओंजळीत पाणी धरलं. "निवळ आहे की गं. यानं कसं काय तळं नासतंय?"

हाच प्रश्न संशोधकांनाही वर्षानुवर्षं पडला होता. पूर्वी सगळा भर मातीची धूप थांबवण्यावर होता, कारण खतातला शेवाळ वाढवणारा स्फुरद (फॉस्फरस) मातीच्या कणाला चिकटून वाहतो. त्यासाठी इथल्या शेतकऱ्यांनी नांगरट कमी केली, आणि गढूळ पाणी खरंच कमी झालं. पण खत वरून फेकायची पद्धत तशीच राहिली. नांगरट नाही, म्हणून स्फुरद वरच्या दोन बोटांच्या थरात साठत गेला. मोठा पाऊस झाला की तो विरघळून गांडुळांच्या बिळांतून आणि मुळांच्या वाटांनी थेट खालच्या पाइपात उतरतो. विरघळलेला स्फुरद डोळ्यांना दिसत नाही. मातीला चिकटलेला असतो त्यातला बराचसा तळाशी बसतो आणि थोडाच शेवाळाच्या तोंडी लागतो. विरघळलेला जवळजवळ सगळा लागतो. १९९०च्या दशकाच्या मध्यापासून नदीतला हा विरघळलेला स्फुरद वाढत गेला आणि त्यामागोमाग सरोवरातलं शेवाळही.

आजोबांनी कुठलीही गोष्ट झाकली नाही. आपणही वीस वर्षं खत फेकूनच दिलं, गव्हाच्या काढणीनंतर, ऑगस्टमध्येच, असं ते म्हणाले. आता ते यंत्राने बियाण्याच्या बाजूला जमिनीत पेरून देतात. अण्णा म्हणाले, "म्हणजे दोन चाड्यांची पाभर! एका चाड्यातनं बी, दुसऱ्यातनं खत. त्यांना सांग, आमच्या वडलांकडं होती, बैलांची." चाडं म्हणजे पेरणीच्या पाभरीवरचं बी सोडायचं नरसाळं, ते मी हातवारे करून समजावलं. आजोबा आम्हाला त्यांच्या शेडमध्ये घेऊन गेले. चोवीस ओळींचं यंत्र होतं. अण्णांनी त्याच्याभोवती सावकाश एक फेरी मारली.

मग हिशेब झाला. डीएपी खताच्या ५० किलोच्या पोत्यात मूलद्रव्य म्हणून स्फुरद सुमारे १० किलो. एक किलो स्फुरदावर साधारण ५०० किलो ओलं शेवाळ वाढू शकतं, असं ढोबळमानाने सांगतात. म्हणजे एका पोत्याचा सगळा स्फुरद पाण्यात गेला, तर पाच टन. अण्णांनी तो आकडा दोनदा माझ्याकडून म्हणवून घेतला.

आजोबांनी २०१९ची आठवण सांगितली. त्या वसंतात पाऊस थांबलाच नाही, कित्येक शेतांत पेराच झाला नाही. नदी फुगून वाहिली, पण खत पडलं नव्हतं म्हणून पाण्यात स्फुरद अंदाजापेक्षा कमी निघाला. पेरा बुडाला ते वर्ष त्यांच्या फार जिव्हारी लागलं होतं. तरीही ते म्हणाले, त्या वर्षी मला पटलं की हे आमच्याच शेतातून जातं.

या खोऱ्याचं उद्दिष्ट वसंतातला स्फुरद २००८च्या तुलनेत ४० टक्क्यांनी कमी करण्याचं आहे. अमेरिका आणि कॅनडाने ते २०१६मध्ये मान्य केलं. माझं स्पष्ट मत असं आहे, की शेतकऱ्यांच्या मर्जीवर सोडून हे होणार नाही. हे आजोबा स्वतःहून बदलले, पण सगळा खर्च त्यांनी एकट्याने का सोसायचा? आणि गायी-डुकरांच्या मोठमोठ्या गोठ्यांचं शेणमूत टाकलं जातं, त्याचं काय? त्यातही स्फुरदच असतो.

कणसं आम्ही त्याच रात्री हॉटेलच्या मायक्रोवेव्हमध्ये भाजली. एवढं गोड कणीस मी या देशात दुसरं खाल्लेलं नाही.

तिसरा दिवस, सोमवार: पुट-इन-बे

श्रावणी सोमवार. आईने साबुदाणा रात्रीच भिजवून ठेवला होता. हॉटेलच्या खोलीत छोट्या शेगडीवर खिचडी झाली आणि डबा घेऊन आम्ही गाडीने कटाब्याच्या धक्क्यापर्यंत गेलो. तिथून फेरीने साउथ बास बेट वीस मिनिटांवर. पुट-इन-बे हे गाव त्याच बेटावर.

वारा ईशान्येचा आणि चांगलाच जोरात होता. फेरी उसळत होती, आई डोळे मिटून जप करत होती. आणि पाणी करडं-निळं, स्वच्छ! अण्णा कठड्याला धरून म्हणाले, "गेलं की सगळं."

गेलं नव्हतं. बेटावर उतरून गोल्फ कार्ट भाड्याने घेतली (महाग आहे. गुडघे साथ देत असतील तर सायकल घ्या) आणि बंदरापाशी गेलो. समोर जिब्राल्टर हे चिमुकलं बेट दिसतं. त्यावर ओहायो स्टेट विद्यापीठाची स्टोन लॅबोरेटरी आहे. १८९५मध्ये सुरू झालेलं हे केंद्र गोड्या पाण्यावरच्या जीवशास्त्र केंद्रांत या देशातलं सगळ्यात जुनं. उन्हाळ्यात ठरावीक दिवशी ते बेट लोकांना दाखवतात, त्याची चौकशी आधी करा. आमचा दिवस चुकला. पण धक्क्यावर दोन विद्यार्थिनी दोरीला बांधलेली काळी-पांढरी तबकडी पाण्यात सोडत होत्या. मी रंकाळ्यात हेच केलं होतं, असं म्हटल्यावर त्यांनी दोरी माझ्या हातात दिली. तबकडी दिसेनाशी झाली तिथे दोरी धरायची, मग ओली लांबी मोजायची, पाणी किती पारदर्शक ते त्यावरून कळतं. अठरा वर्षांनी ती दोरी हातात आली.

त्यांतली एक म्हणाली, वाऱ्याने शेवाळ खाली ढवळलं जातं, पाणी स्वच्छ दिसतं पण विष तेवढंच असतं. इरीचं हे पश्चिम खोरं सरासरी साडेसात मीटरच खोल, त्यामुळे वारा तळापर्यंत ढवळतो. तिने बाकावर छोटा मायक्रोस्कोप मांडला होता. अण्णांनी वाकून बघितलं. मायक्रोसिस्टिसच्या वसाहती दिसत होत्या, बुळबुळीत वेष्टनात शेकडो गोल पेशी, साबुदाण्याच्या खिचडीचा गोळा असावा तशा. कडेला एक-दोन डायटम, म्हणजे कवचवालं शेवाळ, काचेच्या चिमुकल्या डब्या. आणि चक्राच्या आकाराचं एक हिरवं शेवाळ, पेडियास्ट्रम, तेवढं एकच.

"आणि पूर्वी काय होतं?" अण्णांचा प्रश्न.

उत्तर त्या मुलीने दिलं, थोडं मी भर घालून मराठीत सांगितलं. वसंतात इथे डायटम वाढतात, हिवाळ्यात तर बर्फाखालीसुद्धा. त्यांना अंगावरच्या कवचासाठी सिलिका लागते. स्फुरद वाढला की डायटम भरभर वाढतात आणि पाण्यातली सिलिकाच संपवून बसतात. मग उन्हाळ्याचं मैदान सिलिका न लागणाऱ्यांना मोकळं. १९६०च्या दशकात वर्तमानपत्रं 'इरी मेलं' म्हणून लिहीत होती, पण खरं तर ते जिवंतपणाने गुदमरलं होतं. १९७२मध्ये दोन्ही देशांनी करार केला. सांडपाण्यातला आणि साबणातला स्फुरद काढला. वर्षाला २९ हजार टन यायचा, त्याचं लक्ष्य ११ हजार टन ठरलं, आणि १९८०च्या दशकात ते गाठलं. शेवाळ ओसरलं, मासे परतले. हे साधलं होतं, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. बिघडलेलं सरोवर सुधारतं, ते याच पाण्यात सिद्ध झालं आहे.

मग १९८०च्या दशकाच्या अखेरीला जहाजांच्या पाण्यातून झेब्रा शिंपले आले. ते पाणी गाळून शेवाळ खातात, पण मायक्रोसिस्टिस तोंडात आलं तर थुंकतात. म्हणजे निवडून निवडून त्याचीच मशागत. त्यातच नदीचा विरघळलेला स्फुरद वाढला. नत्राचंही, म्हणजे नायट्रोजनचंही, आहेच. मायक्रोसिस्टिसला हवेतला नत्र वापरता येत नाही, पाण्यातला लागतो. तो भरपूर असला की ते विषही जास्त करतं, कारण त्या विषाच्या रेणूतच नत्र ठासून भरलेला असतो. "म्हणजे युरियापण," अण्णा हळूच म्हणाले.

चारच्या सुमाराला वारा पडला. परतीच्या फेरीची वाट बघत आम्ही काठावर बसलो. आईने डबा उघडला, त्या दोघी मुलींनीही खिचडी चाखली आणि शेंगदाण्याच्या कुटाबद्दल विचारलं. आमच्या डोळ्यांदेखत पाण्यावर हिरव्या रेघा उमटू लागल्या, आधी विरळ, मग जाड. पाऊण तासात बंदराच्या कोपऱ्यात साय धरली. मी हे शिकले आहे, शिकवलंही आहे, पण असं वर येताना कधी बघितलं नव्हतं.

इथे पर्च आणि वॉलाय मासे प्रसिद्ध आहेत. श्रावण असल्याने आम्ही शिवले नाही. शेवाळाच्या दिवसांत पकडलेला मासा असेल तर आतडी-काळीज टाकून, मांस स्वच्छ धुऊन शिजवावं असा सल्ला देतात.

चौथा दिवस, मंगळवार: सँडस्की बे

सकाळी मार्बलहेडचं दीपगृह पाहिलं. १८२२पासून अखंड चालू आहे. छान जागा, गर्दी व्हायच्या आत जा. तिथून सँडस्कीच्या उपसागरापाशी आलो. परतीच्या वाटेवर ही शेवटची बरणी.

इथलं पाणी वेगळंच होतं. साय नाही, वास फारसा नाही, पण खोलवर सगळं मटकीच्या उसळीच्या पाण्यासारखं हिरवट-तपकिरी. अण्णांनी स्वतः हातमोजे चढवले आणि बरणी भरली. गाडीच्या बॉनेटवर ठेवून आम्ही थांबलो. पंधरा मिनिटं, मग अर्धा तास. वर काही आलं नाही, तळाशीही बसलं नाही.

ही प्लँक्टोथ्रिक्स असावी, बारीक धाग्यांची जात. हीसुद्धा नील-हरितच, विषही तेच करू शकते, पण साय न धरता पाण्यात सगळीकडे सारखी पसरून राहते. हा उपसागर उथळ आणि गढूळ, उजेड कमी, उन्हाळ्यात इथे नत्र लवकर संपतो. अशा जागी तरंगणाऱ्या मायक्रोसिस्टिसपेक्षा अंधुक उजेडात भागवणारी ही जात पुढे जाते. उपसागराच्या तोंडाबाहेर मोठं सरोवर सुरू होतं आणि तिथे पुन्हा मालक बदलतो. त्यामुळे बरणीत वर थर आला नाही म्हणजे पाणी चांगलं, असं कुणी समजू नये. फलक वाचावा.

अण्णांनी बरणी उन्हात धरली. पलीकडचा पूल तिच्यातून हिरवा दिसत होता. मग त्यांनी खिशातून फोन काढला आणि गावाकडे माझ्या भावाला लावला. तिकडे रात्र झाली होती. "गोठ्यामागं ती पाभर हाय का रे अजून? चाडं बघ तिचं, शाबूत हाय का," एवढं विचारलं. भाऊ काय म्हणाला ते मला ऐकू आलं नाही. अण्णांनी पाणी जिथून घेतलं होतं तिथेच परत ओतलं आणि बरणी धुवायला नळ शोधत निघाले.